नारू

साठलेल्या पाण्यातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या, दोऱ्यासारख्या लांब गोलकृमीमुळे (ड्रॅक्युन्क्युलस मेडिनेन्सिस) होणारा रोग. कृमीलाही नारूच म्हणतात.

पाण्यातील सायक्लॉप्स हे सूक्ष्म कवचधारी जीव नारूच्या अळ्या खातात. असे पाणी न गाळता प्यायल्यास सायक्लॉप्स जठरात मरतात, अळ्या मात्र आतडे भेदून शरीरात पसरतात. समागमानंतर नर मरतो. मादी ६० ते १०० सेंमी. वाढते आणि साधारण वर्षभराने, बहुधा पायावर, फोड आणून डोके बाहेर काढते. आग सोसवत नाही म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास उलगडला.

यावर औषध नाही, लसही नाही. बाहेर आलेला नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढतात. तुटला तर जखम चिघळते. रोगी सहसा दगावत नाही, पण ऐन हंगामात कित्येक आठवडे जायबंदी होतो. मृत्यूच्या आकड्यांवर रोगांचे महत्त्व ठरवणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटला, यात नवल नाही.

भारतात पायविहिरी आणि बारवा हे त्याचे माहेरघर होते. पाणी भरणारा पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राही. बारवांच्या स्थापत्याचे कौतुक करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही. १९८३–८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रोगी होते. पायऱ्या बंद करून कठडे बांधणे, हातपंप बसवणे, पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, सायक्लॉप्स मारण्यासाठी पाणवठ्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे आणि गावोगाव रोगी हुडकणे यांवर भर देण्यात आला. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला; २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

१९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. त्या वर्षापासून अमेरिकेतील कार्टर सेंटरने जागतिक मोहिमेचे नेतृत्व केले. सुदानच्या यादवीत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९९५ मध्ये या कामासाठी युद्धविरामही घडवून आणला. २०२३ मध्ये जगभरात १४ रोगी नोंदले गेले. मात्र चाडमध्ये कुत्र्यांनाही नारूची लागण होत असल्याचे २०१२ पासून दिसू लागले आणि पाणवठ्यापुरती वाटणारी लढाई लांबली. कुत्री बांधून ठेवणे आणि त्यांच्या खाण्यात येऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरून टाकणे ही कामे आता तेथील मोहिमेचा भाग आहेत.