पाळक-स्थापना

नवनियुक्त पाळकाकडे ख्रिस्ती मंडळीची सेवा रीतसर सोपवण्याचा प्रॉटेस्टंट उपासनाविधी.

कोल्हापूर संस्थानात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने काम सुरू केले. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले (पहा : कोल्हापूर मिशन). त्या परंपरेत पाळकाची निवड मंडळी आणि तिचे वडील (एल्डर) करीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये नेमणूक बिशप करतात. मराठी मंडळींना मराठी पाळक लाभणे हा या इतिहासातील कळीचा टप्पा. यमुनापर्यटन (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी पुण्यात पाळक होते (पहा : पदमनजी, बाबा).

दीक्षा आणि स्थापना या वेगळ्या गोष्टी. दीक्षा हस्तारोपणाने, आयुष्यात एकदाच. स्थापना प्रत्येक नव्या मंडळीत. नेमणूकपत्राचे वाचन, पाळकाची वचने, मंडळीचा प्रतिसाद आणि प्रार्थना असा क्रम सर्वसाधारणपणे असतो.

खरी सुरुवात त्यानंतर होते. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही हाती येते, आजाऱ्यांची नावे कळतात, घरभेटी सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या गावात चांदीच्या पैंजणांचे काम घराघरांत चालते. तेथे घरभेट म्हणजे कामावर बसलेल्या कुटुंबाचीच भेट.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळक किंवा बिशपच चालवतात, म्हणून पाळकाविना असलेल्या मंडळीला या नेमणुकीची निकड अधिक (पहा : प्रभुभोजन).