बंद मंडल, खुले पाणी : औद्योगिक बाष्पीभवन-शीतकाच्या इतिहासातील एक धागा

औद्योगिक शीतकांचा इतिहास सामान्यतः थंडाव्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो पाण्याच्या शुद्धतेच्या अंगाने तपासला आहे.

जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये स्वतंत्र संघनकाचे पेटंट घेतले. त्यात थंड पाण्याचा फवारा थेट वाफेत सोडला जाई. थंड करणारे पाणी व थंड होणारी वाफ एकमेकांत मिसळत. जमिनीवरील यंत्रास त्याने फारसे बिघडत नसे. जहाजांत मात्र समुद्राचे पाणी बाष्पकात जाऊन क्षारांचे थर साचत. सॅम्युएल हॉल यांनी १८३४ मध्ये पेटंट घेतलेल्या पृष्ठ-संघनकात वाफ व पाणी यांच्यामध्ये नळ्यांची पातळ धातूची भिंत आली. आजच्या बंद मंडल शीतकाचे बीज या भिंतीत आहे, असे मानण्यास जागा आहे.

नदी वा समुद्र जवळ नसलेल्या कारखान्यांना गरम झालेले पाणी पुन्हा थंड करून वापरणे भाग होते. त्यातून कूलिंग टॉवर आला. व्हान इटरसन व कायपर्स यांच्या आराखड्यानुसार १९१८ च्या सुमारास नेदरलँड्समधील एम्मा कोळसा खाणीत कमनीय बांध्याचा काँक्रीट मनोरा उभा राहिला. १९२५ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश मेर्केल यांनी या क्रियेचे गणित मांडले. परंतु या मनोऱ्यात पाणी हवेला उघडे असते. धूळ, शेवाळ, विरघळलेला प्राणवायू हे सर्व यंत्रापर्यंत पोहोचते.

बंद मंडल शीतकात हॉल यांची भिंत व मनोऱ्याची हवा एकत्र येतात. यंत्रातील द्रव नळ्यांच्या वेटोळ्यातून फिरतो, वेटोळ्यावर दुसरे पाणी फवारले जाते आणि पंखा त्यावरून हवा खेचतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तांब्या उन्हाळ्यात गार राहतो, त्याचेच हे मोठे रूप. (माठाची उपमा येथे चुकीची ठरते, माठातले पाणी स्वतःच झिरपून उडते.) एक किलोग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. म्हणून एक मेगावॉट उष्णता बाहेर टाकण्यासाठी ताशी जवळपास दीड हजार लिटर पाणी उडून जाते. क्षार मात्र खालच्या टाकीतच उरतात व ते वाढू नयेत म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावे लागते.

यावरून दिसते की 'बंद' हे विशेषण केवळ आतील द्रवास लागू आहे. बाहेरचे पाणी खुलेच राहते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पसरलेल्या ज्वराने ३४ जण दगावले. त्याचा कारक जिवाणू, लिजिओनेला, १९७७ च्या जानेवारीत ओळखला गेला. कोमट फवाऱ्याचे पाणी हे त्याचे आवडते स्थान असल्याने बंद मंडल शीतकही त्यापासून मुक्त नाही.

या शीतकाची मर्यादा ओल्या फुग्याच्या तापमापकाने ठरते. त्या तापमानाखाली आतील द्रव जाऊ शकत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्याने हे तापमान दमट मुंबईपेक्षा बहुधा कमीच असते. म्हणजे हे यंत्र उत्तम चालते ते नेमके टंचाईच्या प्रदेशात. तेथील औद्योगिक वसाहतींत 'बंद मंडल' या नावावरून पाण्याची बचत गृहीत धरली जात असेल, तर ताशी दीड हजार लिटरचा हिशेब प्रकल्प-अहवालात आधी मांडला गेला पाहिजे.