पेतॅयॅवेसीचे जुने चर्च : गावाने सोडले म्हणून टिकले

पेतॅयॅवेसीचे जुने चर्च हे मध्य फिनलंडमधील एक ल्यूथरन ग्रामीण चर्च आहे. ते १७६३ ते १७६५ या काळात संपूर्णपणे ओंडक्यांनी बांधले गेले आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. फिनिश भाषेत ‘पेतॅयॅ’ म्हणजे पाइनचे झाड आणि ‘वेसी’ म्हणजे पाणी. चर्चही पाइनच्याच लाकडाचे आणि तळ्याकाठी आहे.

त्या काळी फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि ल्यूथरन पंथ हा राज्याचा अधिकृत धर्म होता. मात्र पेतॅयॅवेसीला स्वतंत्र पॅरिश नव्हती; गाव यॅम्साच्या पॅरिशमध्ये मोडत असे. रस्ते जेमतेमच असल्याने चर्चसाठी पाण्याच्या वाटेवरची जागा निवडली गेली. उन्हाळ्यात लोक होडीने येत, तर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून.

बांधकाम याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन या स्थानिक सुतार-कारागिराने केले. इमारतीचा आराखडा समान भुजांच्या क्रूसासारखा असून मध्यभागी घुमट आहे. ही कल्पना युरोपातील प्रबोधनकाळच्या दगडी वास्तूंमधून आली, तर छताच्या कमानदार घडणीत त्याहून जुन्या गॉथिक परंपरेचा अंश आहे. लेप्पॅनेनने हे सारे लाकडात उतरवले. क्रूसाकृती आराखड्याचा व्यावहारिक फायदाही होता. ओंडका झाडापेक्षा लांब मिळत नाही आणि आडव्या ओंडक्यांची लांबच लांब सरळ भिंत बाहेर फुगू लागते. क्रूसाच्या आकारात भिंत वारंवार वळते, प्रत्येक कोपऱ्यात ओंडके खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले असतात आणि त्या कोपऱ्यांमुळेच इमारत ताठ उभी राहते.

आतल्या भिंतींना रंग नाही, ओंडके तसेच उघडे ठेवले आहेत. छतावर मात्र लाल गेरूची नक्षी आहे. सर्वांत लक्षवेधी आहे ते प्रवचनाचे व्यासपीठ. ल्यूथरन उपासनेत प्रवचनाला मोठे महत्त्व असल्याने ते ठळक असणे साहजिकच. पण येथे ते संत ख्रिस्तोफरच्या लाकडी मूर्तीने तोलून धरले आहे. बाल येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा हा संत कॅथलिक काळापासून लोकप्रिय होता. ल्यूथरन सुधारणेला दोन शतके उलटल्यावरही एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्याला अशी जागा मिळाली. मूर्तीची घडण ओबडधोबड आहे, राजधानीतल्या शिल्पकाराची सफाई तिच्यात नाही. तिची गंमतही त्यातच आहे.

१८२१ मध्ये लेप्पॅनेनचा नातू एर्क्की याने घंटाघर बांधले. पुढे १८७९ मध्ये गावाला नवे चर्च मिळाले आणि जुने ओस पडले. मात्र भोवतालची दफनभूमी आणि घंटाघर वापरात राहिल्याने लोकांचे येणे-जाणे पूर्ण थांबले नाही.

जुने चर्च आज जवळपास मूळ रूपात दिसते, त्यामागे या दुर्लक्षाचा मोठा हात आहे. वापरातली चर्च काळाप्रमाणे बदलत जातात : शेगड्या बसतात, भिंती रंगतात, बाके बदलतात. येथे तसे काही करण्याची गरजच कोणाला उरली नाही. अर्थात दुर्लक्षाने छतही गळते, आणि लाकडी इमारत गळक्या छताखाली फार दिवस तग धरत नाही. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियातील कला-इतिहासकार योसेफ स्ट्रिगोव्स्की यांनी या वास्तूचे मोल जाणकारांच्या नजरेस आणून दिले आणि त्यानंतर तिची दुरुस्ती सुरू झाली.

चर्चमध्ये आजही उष्णतेची सोय नाही. त्यामुळे ते मुख्यतः उन्हाळ्यात उघडे असते. त्या दिवसांत तेथे प्रार्थना आणि लग्ने होतात. लाकडी फळ्यांचे छप्पर ठरावीक काळाने बदलावे लागते, आणि आगीची धास्ती तर कायमचीच आहे.