सहस्रकाची पिढी : भाकीत आणि इतिहास

पिढीला नाव बहुधा तिचे कर्तृत्व दिसू लागल्यानंतर मिळते. आपल्या वाङ्मयेतिहासातील ‘साठोत्तरी’ ही संज्ञा अशीच, आधी लेखन व मग नामकरण, या क्रमाने आली. अमेरिकेतील ‘मिलेनियल’ पिढीच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. विल्यम स्ट्राउस व नील हाउ या दोघा ग्रंथकारांनी १९९१ साली ‘जनरेशन्स’ या ग्रंथात तिची मांडणी केली, तेव्हा तिच्यातील वडील मुले जेमतेम नऊ वर्षांची होती आणि कित्येकांचा जन्मही व्हावयाचा होता. १९८२ साली जन्मलेली मुले २००० साली शालेय शिक्षण संपवून बाहेर पडणार, एवढाच या नावाचा आधार.

नावाबरोबर भविष्यही वर्तविले गेले. पिढ्यांचे स्वभाव चौकड्यांनी फिरून येतात, असा या ग्रंथकारांचा सिद्धान्त होता. त्यानुसार ही मुले आशावादी, शिस्तप्रिय, सहकार्यशील आणि संस्थांवर विश्वास ठेवणारी, थोडक्यात दुसरे महायुद्ध लढलेल्या पिढीसारखी, निघावयाची होती. याला इतिहास म्हणण्यापेक्षा पंचांग म्हणणे अधिक बरे. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच दाखवून दिले होते की, एका काळी जन्मल्याने केवळ समान स्थान लाभते. समान घटनांच्या ओघात सापडून त्यांना प्रतिसाद दिल्याखेरीज त्या स्थानातून खरी पिढी घडत नाही.

घटना तर पंचांगाबाहेरच्याच घडल्या. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला तेव्हा यांतील वडील मुले नुकतीच महाविद्यालयात होती. पुढे अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांत याच वयाचे तरुण धाडले गेले. त्याहूनही खोल परिणाम केला तो २००८ च्या आर्थिक अरिष्टाने. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि ऑक्टोबर १९२९ ची आठवण देणारी मंदी आली. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेकारी दहा टक्क्यांवर गेली. मंदीत पहिली नोकरी धरणाऱ्याचे नुकसान मंदी सरताच भरून निघत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तो मिळेल त्या, बहुधा कमी वेतनाच्या, कामावर रुजू होतो, आणि त्या पहिल्या पायरीचा परिणाम पुढील अनेक वर्षांच्या मिळकतीवर राहतो. त्यात शिक्षणाचे कर्ज. महाविद्यालयीन शुल्क वाढत गेले, राज्यांचे साहाय्य घटले, आणि विद्यार्थ्यांवरील एकूण कर्ज २०१२ च्या सुमारास एक लक्ष कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले.

याचे पडसाद घरात उमटले. प्रथम विवाहाचे मध्यक वय १९८० साली पुरुषांचे २४.७ व स्त्रियांचे २२ वर्षे होते. २०२० साली ते अनुक्रमे ३०.५ व २८.१ झाले. २०१४ साली १८ ते ३४ वयाच्या अमेरिकनांत आईबापांच्या घरी राहणारे ३२.१ टक्के, तर जोडीदारासह स्वतःचा संसार मांडलेले ३१.६ टक्के होते. सुमारे १३० वर्षांत असे प्रथमच घडले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकांना यात आपत्ती कोणती, असे वाटेल; परंतु जेथे घर सोडणे हीच वयात आल्याची खूण, तेथे या आकड्याचा अर्थ निराळा होतो. पदवी नसलेल्यांत हे प्रमाण पदवीधरांपेक्षा बरेच अधिक होते. तेव्हा पिढीचा म्हणून सांगितला जाणारा अनुभवही सर्वांना सारखा आला नव्हता.

आश्चर्य असे की, २००० साली ज्यांना आज्ञाधारक म्हणून गौरविले, त्यांनाच २०१३ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ‘मी, मी, मी पिढी’ ठरविले. तेरा वर्षांत माणसांचा स्वभाव इतका पालटत नाही. लांबलेल्या विवाहाला व न घेतलेल्या घराला टीकाकारांनी स्वभावदोष मानले, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे नाव, आणि त्यासोबत रूढ झालेली १९८१ ते १९९६ ही जन्मवर्षांची चौकट, आता आपल्याकडेही सर्रास वापरली जाते. मानहाइमची कसोटी लावली तर गोमंतकात वेगळी रेषा आखावी लागेल. १९९० साली गोवा सरकारने प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही ते खुले करण्याचा निर्णय झाला. या दोन वर्षांच्या दरम्यान अनुदानित शाळेत पहिलीत बसलेली मुले मराठी वा कोंकणीतून अक्षरे गिरवून पाचवीत बहुधा एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुढे उभी राहिली. अमेरिकेतील कर्ज व मंदी यांच्याइतकाच हा त्यांचा समान अनुभव होय. त्या पाचवीच्या वर्गांत शिकविणारे अनेक शिक्षक आज निवृत्त झाले आहेत किंवा होत आहेत. पहिल्या सहामाहीत किती मुले गप्प झाली, गणित मराठीतून समजावून उत्तर इंग्रजीत कसे लिहवून घेतले, घरी कोणत्या भाषेत अभ्यास होई, हे सांगू शकणारी माणसे तीच. त्यांच्या आठवणी अद्याप टिपून घेता येतील.