प्रचाराची भाषा आणि भाषेचा प्रचार

बेळगावात निवडणूक आली की कन्नडखेरीज मराठीत आणि उर्दूतही मते मागितली जातात. कर्नाटकाची राजभाषा कन्नड असली तरी यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही मातृभाषेच्या शाळांचा प्रश्न सभेत काढावा की नाही, असे कार्यकर्ते दबकत विचारतात. या धास्तीचे मूळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये आहे.

१९६१ च्या दुरुस्तीने या कलमात धर्म, वंश, जात, जमात यांच्या जोडीला 'भाषा' हा शब्द आला. उमेदवाराच्या भाषेवरून मत द्या अथवा देऊ नका, असे आवाहन हा भ्रष्टाचार ठरला. तो सिद्ध झाल्यास निवड रद्द होते, शिवाय सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, झज्जर लोकसभा मतदारसंघातून जगदेवसिंह सिद्धांती निवडून आले. झज्जर तेव्हा पंजाबात होते. तेथील पंजाबीच्या सक्तीविरुद्ध १९५७ मध्ये हिंदीचे मोठे आंदोलन झाले होते आणि सिद्धांतींच्या प्रचारात तोच विषय होता. पराभूत उमेदवार प्रतापसिंह दौलता यांनी निवडीला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली; सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ती कायम केली. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क दिलेला आहे. त्यासाठी केलेली राजकीय चळवळ, किंवा निवडून आल्यास भाषेसाठी झटेन हे आश्वासन, भ्रष्टाचार होत नाही, असा निर्वाळा मिळाला. म्हणजे 'मी उर्दूभाषक आहे, म्हणून मला मत द्या' हे वाक्य गुन्ह्याच्या कक्षेत येते, 'उर्दू शाळेला शिक्षक मिळवून देईन' हे येत नाही. गंमत अशी की उर्दू आणि मराठी अल्पभाषकांच्या हाती आलेली ही ढाल हिंदीच्या खटल्यातून मिळाली.

२ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, कलमाचा अर्थ विस्तारला. आता मतदाराच्या भाषेच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते. 'आपण सारे मराठी, म्हणून मत मराठी माणसालाच' ही आरोळी त्यामुळे धोक्याची झाली. मात्र शाळेच्या आश्वासनाविषयीची १९६४ ची रेषा त्याने पुसली, असे मला वाटत नाही. मतभेद नोंदवणाऱ्या तिघांचा रोख तर असा की, भाषेमुळे मतदारांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाची चर्चा निवडणुकीतून वगळता येणार नाही.