रानपिंगळ्याचा दाखला

दक्षिण आफ्रिकेत १९२६ साली क्रुगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, दुसऱ्याच वर्षी तेथे मोटारीतून प्रवासी येऊ लागले, आणि सिंह-हत्तींच्या शिकारीची जागा हळूहळू त्यांच्या छायाचित्रांनी घेतली. आपल्याकडेही वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२७ मध्येच वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खानदेशच्या सातपुड्यात मात्र वन्य जीवांची दप्तरी नोंद दीर्घकाळ बंदुकीनेच केली. १८२५ साली भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमची ख्याती या मुलखात बंदोबस्ताइतकीच वाघांच्या शिकारीसाठी होती.

या डोंगराळ प्रदेशाचे नाव जगभर गेले ते मात्र वाघामुळे नव्हे, तर वीतभर उंचीच्या एका पक्ष्यामुळे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो रानपिंगळा १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात मारून संग्रहासाठी पाठविला, आणि १८८४ नंतर त्याचा खात्रीचा मागमूसच उरला नाही. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली हा पक्षी मिळाल्याचा दाखला कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात होता. पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी भरणीची मूळ धाटणी तपासून उघड केले. एका पेंढा भरलेल्या कातड्याने अभ्यासकांची कित्येक दशके भलत्याच रानात खर्ची घातली, याची हळहळ मला आजही वाटते.

तो खोटा दाखला बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे डेव्हिडसनच्या जुन्या मुलखात उतरले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी एका निष्पर्ण झाडावर त्यांना तो दिसला. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत, पोट पांढरेशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, बोटांपर्यंत दाट पिसे, आणि चोच डोक्याच्या मानाने थोराड. बंदूक न उचलता त्यांनी त्याचे छायाचित्रण केले, आणि ११३ वर्षांनी मिळालेला हा पहिला निर्विवाद पुरावा जिवंत पक्ष्याचा होता. पाठोपाठ फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तळोदा आणि तोरणमाळच्या राखीव जंगलांतही त्याची वस्ती आढळली.

तोरणमाळला आज गोरखनाथाच्या यात्रेसाठी आणि यशवंत तलावाच्या थंड हवेसाठी लोक जातात, तसे कॅमेरा घेऊनही जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि आफ्रिकेतील हत्तीचे चित्र मोटारीतून दुरून घेता येते, तशी ही गोष्ट नाही. रानपिंगळा दिवसा शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो, म्हणून त्याच्यापाशी जाणे सोपे. आणि ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ नेमका प्रवाशांच्या हंगामात येतो. मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवीत असता नर तिला भक्ष्य आणून देतो. अशा वेळी ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला जवळ बोलावणे म्हणजे ढोलीतल्या मादीला उपाशी ठेवणे होय. ज्या पावरा-भिल्ल वाटाड्यांना कोणत्या सागाच्या ढोलीत काय नांदते हे ठाऊक असते, त्यांनी एखाद्या झाडाकडे जाण्यास नकार दिला, तर कॅमेरा गळ्यातच राहू द्यावा.