महॉगनी बार : एका रंगगृहाची तीन जीवने

लंडनच्या पूर्व भागात, टॉवर ऑफ लंडनपासून थोड्याच अंतरावर, केबल स्ट्रीटजवळ ग्रेसेस अ‍ॅली नावाची एक अरुंद गल्ली आहे. तेथे जुन्या घरांची एक साधी रांग उभी आहे. रंग उडालेला दर्शनी भाग पाहून आत काही भव्य असेल अशी शंकाही येत नाही. परंतु दरवाजा ओलांडून मागे गेले की एक उंच दालन समोर उभे राहते. तिन्ही बाजूंनी सज्जा, त्याला आधार देणारे पिळदार लोखंडी खांब आणि प्रेक्षकांच्या डोक्याच्याही वर येणारा उंच रंगमंच! हे विल्टन्स म्युझिक हॉल. एकोणिसाव्या शतकातील या प्रकारच्या रंगगृहांपैकी जी मोजकी आज शिल्लक आहेत, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. मात्र ही वास्तू केवळ रंगभूमीच्या अभ्यासकांची नाही. धर्मसेवा, श्रमिकांचा लढा आणि नगररचना या तिन्हींच्या इतिहासाची पाने तिच्यात एकत्र बांधली गेली आहेत.

‘म्युझिक हॉल’ ही संस्था मद्यालयाच्या पोटी जन्माला आली. १८४३ साली इंग्लंडमध्ये नाट्यगृहांविषयी नवा कायदा झाला. त्याने नाटक आणि मद्य यांची फारकत केली. ज्याला नाटक करावयाचे त्याने प्रेक्षागृहात मद्य देऊ नये आणि ज्याला मद्य विकावयाचे त्याने नाटकाच्या वाटेस जाऊ नये, असा त्याचा मथितार्थ. मद्यालयांच्या मालकांनी दुसरा मार्ग पत्करला. नाटक नाही तर नाही. गाणी, नकला, नृत्य, कसरती यांना कोणाची आडकाठी होती? अशा रीतीने विविधरंगी करमणुकीचा एक स्वतंत्र प्रकार आकारास आला. आपल्याकडील संगीतबारीशी त्याचे दूरचे साम्य सांगता येईल. कष्टकऱ्यांची करमणूक, प्रतिष्ठितांच्या कपाळावरील आठी आणि तरीही भरलेले दालन, ही लक्षणे दोहींकडे सारखीच.

ग्रेसेस अ‍ॅलीतील मद्यालय अठराव्या शतकापासूनचे. तेथील महॉगनी लाकडाच्या काउंटरमुळे लोक त्याला ‘महॉगनी बार’ म्हणू लागले. १८५०च्या सुमारास जॉन विल्टन यांनी ते घेतले आणि मागील गायनकक्ष आधी वाढविला. पुढे तो पाडून त्यांनी मोठे दालन उभारण्याचे ठरविले. डिसेंबर १८५८मध्ये त्यांच्या पत्नी एलन यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि मार्च १८५९मध्ये दालन खुले झाले. विल्टन यांनी एक चतुराई केली. रस्त्यालगतची घरे तशीच ठेवून त्यांच्या मागील जागेत दालन बांधले. म्हणून बाहेरून ते दिसत नाही. छतातून गॅसच्या शेकडो ज्योतींचे झुंबर लोंबत असे आणि भिंतींवरील आरशांत तो प्रकाश अनेक पटींनी वाढत असे. ज्यांच्या घरी एक मेणबत्ती जपून वापरावी लागे, त्या गोदी कामगारांना आणि खलाशांना हा झगमगाट स्वर्गासारखा वाटला असल्यास नवल नाही. ‘शँपेन चार्ली’ या गीतामुळे घराघरांत पोहोचलेले जॉर्ज लेबर्न यांच्यासारखे नामवंत गायक येथे गाऊन गेले. लंडनच्या गोद्यांवर तेव्हा जगभरची जहाजे लागत. त्यांवर आपल्या कोकणचे आणि गोव्याचे खलाशीही असत, हे येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

हे वैभव दोन दशकेही टिकले नाही. १८७७ साली लागलेल्या आगीत दालनाची मोठी हानी झाली. ते पुन्हा बांधले गेले, परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत. आगीच्या भयाने सुरक्षेचे नियम कडक झाले होते. नवी, मोठी रंगगृहे उभी राहत होती आणि गल्लीतील छोट्या दालनांना त्यांच्याशी स्पर्धा करणे जड जात होते. १८८८मध्ये मेथडिस्ट पंथाच्या ‘ईस्ट एंड मिशन’ने ही वास्तू घेतली.

मद्यालयाचे प्रार्थनागृह झाले. पण मिशनने ‘महॉगनी बार’ हे नाव टाकले नाही. मद्यपानाविरुद्ध बोलणाऱ्या उपदेशकांनी मद्यालयाचेच नाव मिरवावे, यात एक मार्मिक शहाणपण होते. परिसरातील लोकांना ठिकाण ठाऊक होते, पायांना वाट ठाऊक होती. दालनही मोडावे लागले नाही. गायकाला ज्याची गरज असते तेच उपदेशकाला लागते : उंच व्यासपीठ, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचणारा आवाज आणि सर्वांना सामावणारा सज्जा. रंगमंच आणि प्रवचनपीठ यांचे शतकानुशतकांचे भांडण सर्वश्रुत आहे. येथे मात्र एकाने दुसऱ्याची जागा न मोडता वापरली.

मिशनला तेथे येऊन जेमतेम एक वर्ष झाले असेल, तोच ऑगस्ट १८८९मध्ये लंडनच्या गोदी कामगारांचा प्रसिद्ध संप सुरू झाला. गोदीच्या फाटकाशी रोज सकाळी माणसांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील त्याला काम, तेही काही तासांचे. उरलेले रिकाम्या हाती घरी. ताशी पाच पेन्सऐवजी सहा पेन्स मिळावेत, ही कामगारांची प्रमुख मागणी होती. एका पेन्सच्या वाढीसाठी हजारो कुटुंबे उपाशी राहिली. त्या दिवसांत महॉगनी बारमध्ये मिशनने अन्नछत्र उघडले आणि रोज सुमारे हजार माणसांना जेवण दिले. जेथे पेले किणकिणत होते तेथे आता सूपाचे वाडगे फिरू लागले.

कॅथलिक वाचकांना या संपाचे आणखी एक कारणाने विशेष अगत्य वाटावे. वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल हेन्री एडवर्ड मॅनिंग तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. गोदी कामगारांत आयरिश कॅथलिकांची संख्या मोठी होती. वयाची आणि प्रकृतीची पर्वा न करता मॅनिंग गोदीमालकांना भेटले, पॉपलर येथे संपाच्या समितीसमोर जाऊन बोलले आणि तडजोड घडवून आणण्यात त्यांनी मोलाचा वाटा उचलला. सप्टेंबरच्या मध्यास संप मिटला. सहा पेन्सचा दर मान्य झाला. दोनच वर्षांनी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे श्रमिकांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. एकीकडे मेथडिस्टांचे अन्नछत्र, दुसरीकडे कॅथलिक कार्डिनलांची मध्यस्थी. ज्या काळात हे दोन पंथ एकमेकांच्या उंबऱ्यालाही जात नसत, त्या काळात भुकेल्यांच्या दाराशी त्यांची वाट एक झाली. ख्रिस्ती ऐक्याची चर्चा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सर्वत्र सुरू झाली. परंतु त्याचा एक न लिहिलेला धडा गोदीकाठी आधीच गिरविला गेला होता.

मिशनचे कार्य जवळजवळ सत्तर वर्षे चालले. ऑक्टोबर १९३६मध्ये ऑस्वाल्ड मोझली यांच्या फॅसिस्टांची मिरवणूक ज्यू, आयरिश आणि इतर रहिवाशांनी एकजुटीने अडविली, तो केबल स्ट्रीटचा लढा याच परिसरात झाला. युद्धकाळातील बॉम्बवर्षावातूनही वास्तू वाचली. १९५६मध्ये मिशनने तेथील काम थांबविले आणि पुढे दालनात चिंध्यांचे कोठार आले.

खरे संकट शांततेच्या काळात आले. साठच्या दशकात हा सारा भाग गलिच्छ वस्ती म्हणून पाडण्याचे ठरले. तेव्हा कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी मोहीम उभारली आणि दालन वाचले. १९७१मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. पण रक्षणाचा आदेश म्हणजे दुरुस्ती नव्हे. वास्तू दीर्घकाळ ओस पडून राहिली. १९९७मध्ये अभिनेत्री फिओना शॉ यांनी टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ या काव्याचा प्रयोग त्याच पडक्या दालनात केला आणि लोकांचे लक्ष पुन्हा तिकडे वळले. निधीसाठी पुढेही बरीच वर्षे झगडावे लागले. अखेर वास्तुविशारद टिम रोनाल्ड्स यांच्या मार्गदर्शनाखाली आधी दालनाची आणि मग पुढील घरांची दुरुस्ती झाली. २०१५मध्ये ती पूर्ण झाली.

या पुनरुज्जीवनाची पद्धत विचार करण्याजोगी आहे. सोनेरी मुलामा देऊन १८५९चे दालन नव्याने घडविणे हा एक पर्याय होता. तो नाकारला गेला. वास्तू भक्कम आणि सुरक्षित करावयाची, पण तिच्या अंगावरील काळाच्या खुणा पुसावयाच्या नाहीत, असे ठरले. रंगाचे जुने थर, उघडे पडलेले गिलाव्याचे पोपडे, विटांवरील डाग जेथल्या तेथे ठेवले गेले. यामागील तत्त्व असे की कोणत्याही एका कालखंडाला ‘खरा’ म्हणून सिंहासनावर बसवावयाचे नाही. गायकाचे दालन खरे, तसेच उपदेशकाचे आणि चिंध्या निवडणाऱ्यांचेही खरे. केवळ पहिले वैभव परत आणले असते, तर अन्नछत्राची सत्तर वर्षे रंगाखाली गाडली गेली असती.

तरीही एक प्रश्न उरतोच. आसपासची जुनी घरे साठच्या दशकात पाडली गेली, रहिवासी पांगले. त्याच दशकाच्या अखेरीस जवळच्या गोद्याही बंद पडल्या. ज्यांच्यासाठी हे दालन बांधले गेले आणि ज्यांच्यासाठी तेथे अन्न शिजले, तो समाज आज त्या गल्लीत नाही. वास्तू जतन झाली. वस्ती झाली नाही. हा दोष दुरुस्ती करणाऱ्यांचा नव्हे. त्यांच्या हाती जे आले ते त्यांनी निष्ठेने सांभाळले. परंतु पुनर्विकासाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावयाचा प्रश्न येथे स्पष्ट दिसतो : आपण भिंती वाचवीत आहोत की त्या भिंतींच्या आत येण्याचा लोकांचा हक्क?

महॉगनी बार ही वास्तू टिकली ती श्रीमंतीमुळे नव्हे. धनिक मालक मिळाला असता तर तिने केव्हाच नवे रूप घेतले असते. ती टिकली, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणाला ना कोणाला तिचा उपयोग होता : कधी गाण्यासाठी, कधी प्रार्थनेसाठी, कधी वाडगाभर सूपासाठी. उपयोग संपला त्या दिवशी तिच्यावर हातोडा उगारला गेला. जुन्या वास्तूचे खरे संरक्षण कायद्याच्या कागदावर सुरू होत असेल. ते टिकते मात्र तिच्या उघड्या दारावर.